एका बराकीचे दोन कायदे

मिरजेहून कोल्हापूरला जाणारी पॅसेंजर हातकणंगले, रुकडी करत वळिवड्याला थांबते. इथे उतरणारे बरेचसे जवळच्या गांधीनगरच्या कापडबाजाराकडे निघालेले असतात. सातारा-सांगलीकडचे दुकानदार आणि लग्नाचा बस्ता बांधायला आलेली कुटुंबं. बाजार ज्या जागेवर उभा आहे तिथे १९४३ ते १९४८ या काळात पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं राहत होती. ती गेली आणि त्याच छावणीत सिंधमधून आलेली कुटुंबं उतरली. मराठीत आपण दोघांनाही ‘निर्वासित’ म्हणतो. कायद्याच्या लेखी मात्र दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. निरनिराळे देश शरण आलेल्याला कसं वागवतात हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी.

१९३९च्या सप्टेंबरात हिटलर पश्चिमेकडून आणि स्टालिन पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरला. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तानकडे रवाना करण्यात आली. पुढे हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा स्टालिनने लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारशी करार केला आणि या माणसांची सुटका झाली. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून ती इराणला पोचली. तिथून काही कराचीमार्गे हिंदुस्थानात आली. नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहांनी बालाचडीला अनाथ मुलांसाठी छावणी काढली. वळिवड्याची छावणी मुख्यतः बायका-मुलांची. घरातले पुरुष सैन्यात होते किंवा सैबेरियातच संपले होते. लांबलचक बराकी, त्यांत कुटुंबागणिक खोल्या, शाळा, चर्च, नाटकं, बालवीर पथकं. क्षयाच्या रुग्णांसाठी पाचगणीला सोय होती, म्हणजे या कहाणीत आपला सातारा जिल्हाही आहे.

त्याच १९४३ सालात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आणि आसपास काय चाललं होतं? नाना पाटलांचं प्रतिसरकार. ७ जूनला शेणोलीजवळ त्याच्या तुफान सेनेने रेल्वेतला सरकारी पगाराचा पैसा लुटला. २४ जुलैला वसंतदादा पाटील सांगलीच्या तुरुंगातून निसटले. कुंडलच्या परिसरात भूमिगतांना घरात लपवणाऱ्यांवर पोलिसी जुलूम होत होता. एका अंगाला आसरा देणं हा गुन्हा, तर दुसऱ्या अंगाला त्याच इंग्रजी सत्तेच्या संमतीने हजारो परक्यांना आसरा. कोणाला आसरा द्यायचा, हे सरकार आपली सोय पाहूनच ठरवतं. पोलंड दोस्त राष्ट्र होतं, एवढं पुरेसं होतं.

आणि दोस्ती बदलली की? १९५१चा आंतरराष्ट्रीय निर्वासित करार व्हायला अजून अवकाश होता. वळिवड्याचा सगळा आधार सरकारासरकारांतल्या समजुतीवर होता. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन-अमेरिकेने वॉर्साच्या साम्यवादी सरकारला मान्यता दिली आणि लंडनच्या सरकारची मान्यता गेली. ज्याच्या जिवावर छावणी उभी होती ते सरकारच कागदावर उरलं नाही. खर्च आधी संयुक्त राष्ट्रांच्या मदत-पुनर्वसन संघटनेकडे, मग आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेला. बालाचडीच्या अनाथ मुलांना पोलंडला परत धाडण्याचा दबाव आला तेव्हा जामसाहेब, छावणीचे पाद्री आणि ब्रिटिश अधिकारी यांनी मिळून त्यांना दत्तक घेतलं. निर्वासितांचा कायदा हाताशी नव्हता, म्हणून कुटुंबाचा कायदा ढालीसारखा वापरला. वकिलांनी टाळी द्यावी अशी ही युक्ती आहे. पण दिलदार राजा भेटला नसता तर ती कोणाला सुचली असती?

ब्रिटनने १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसनाचा खास कायदा केला; सैनिकांची कुटुंबं त्यामुळे तिकडे गेली. बाकीची ऑस्ट्रेलिया, पूर्व आफ्रिका अशी पांगली.

आता सिंधी. फाळणीत त्यांचंही सर्वस्व गेलं, पण राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना थेट नागरिक मानलं आणि नंतर आलेल्यांना नोंदणीची वाट दिली. १९५४ मध्ये नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा झाला. पाहुण्याला मतदाराचा दर्जा मिळाला की तो उधारीवर माल आणतो, दुकान बांधतो. गांधीनगरची बाजारपेठ कष्टांतून उभी राहिली यात शंका नाही. पण त्या कष्टांच्या पायाखाली कायद्याचा दगड होता.

हे सातारकरांना वेगळं सांगायला नको. कोयना धरण झालं तेव्हा उठवलेल्यांसाठी राज्याचा पुनर्वसन कायदा नव्हता. तो १९७६ मध्ये आला. कायद्याने सगळं मिळतं असं नाही. कोयनेचे धरणग्रस्त अजूनही मोर्चे काढतात. पण हातात कलम असलं की माणूस कचेरीत विनंती करत नाही, मागणी करतो.

१९५१च्या कराराचं मर्म ३३व्या कलमात आहे: जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत ढकलायचं नाही. पण सही करणारे देशही आपापल्या परीने पळवाट ठेवतात. तुर्कस्तानने सही केली ती युरोपातून येणाऱ्यांपुरती. म्हणून लाखो सिरियन तिथे पूर्ण निर्वासित ठरत नाहीत, ‘तात्पुरत्या संरक्षणा’खाली राहतात. जर्मनीने नाझी काळाच्या पश्चात्तापातून आश्रयाचा हक्क राज्यघटनेतच घातला आणि १९९३ मध्ये तो बराच आवळला. कॅनडात १९७९ पासून नागरिकांचे गट खर्च उचलून निर्वासित कुटुंबाला बोलावू शकतात. पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते युगांडाचं उदाहरण. २००६च्या तिथल्या कायद्याने निर्वासिताला काम करण्याचा, देशात फिरण्याचा हक्क आहे; वसाहतींत कसायला जमिनीचा तुकडाही मिळतो. महायुद्धात याच युगांडात, मसिंडी आणि कोजा इथे पोलिशांच्या छावण्या होत्या. आपल्याहून कितीतरी गरीब देश पंधरा लाखांहून जास्त माणसं सांभाळतो आहे, आणि तेही कायद्याने. अर्थात परदेशी मदत आटली की तिथलं रेशनही कमी होतं.

भारताने ना १९५१च्या करारावर सही केली, ना १९६७च्या पूरक करारावर. १९४६च्या परकीय नागरिक कायद्यात पर्यटक, घुसखोर आणि जीव वाचवून आलेला, सगळे एकाच नावाचे: परकीय. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला. निर्वासिताची व्याख्या त्यातही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांना सवलत आहे, ती सरकारी आदेशाने. न्यायालयांनी थोडी भिंत उभारली आहे. चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जगण्याचा हक्क नागरिकांपुरता नाही. पण २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने रोहिंग्या निर्वासितांना रीतसर प्रक्रियेने परत पाठवायला मुभा दिली.

महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेट्यांची वसाहत १९७२ पासून आहे. शेती करायची, हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकायचे, आणि नोंदणीचा दाखला वेळेवर नूतन करून घ्यायचा. मात्र आपल्या नागरिकत्व कायद्यात एक तारीख आहे: २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस, आईबाप कोणीही असोत, जन्माने भारतीय. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे तिबेट्यांनाही लागू असल्याचं मान्य केलं. तेव्हा अशा एखाद्या घरात, निर्वासित आईबापांच्या पोटी, १९८६ मध्ये जन्मलेला थोरला पासपोर्ट मागू शकतो, आणि १९८८ मध्ये त्याच घरात जन्मलेली त्याची बहीण दाखल्याच्या नूतनीकरणासाठी रांगेत उभी असते.