कान, काठ आणि बूड

२०० मिलिलिटर चहा मावेल असा स्टोनवेअरचा कप हवा असेल, तर ओल्या मातीत तो जवळजवळ ३०० मिलिलिटरचा घडवावा लागतो. माती वाळताना आकसते, भट्टीत भाजताना आणखी आकसते. स्टोनवेअरच्या मातीत ही घट साधारण १० ते १२ टक्के असते. पण ती लांबी, रुंदी आणि उंची अशी तिन्ही बाजूंनी येत असल्यामुळे आतली जागा जवळजवळ एकतृतीयांशाने कमी होते. म्हणजे चाकावर बसलेल्या माणसाच्या हातात जो कप फिरत असतो, तो कुणीच कधी तोंडाला लावणार नसतो. समोरच्या ओल्या, मोठ्या कपात त्याला पुढचा लहान आणि टणक कप दिसावा लागतो. कान कितपत सुटा राहील, काठ केवढा जाड उरेल, बूड किती उचललेलं हवं, हे सगळं त्याच वेळी ठरवावं लागतं.

प्रदर्शनात अशा कपांचा स्टॉल लागला की लोक थबकतात, रंग पाहतात, झिलईवरचे ओघळ पाहतात, दोन कप घरी नेतात आणि काचेच्या कपाटात ठेवून देतात. रोजचा चहा मग स्टीलच्या पेल्यात किंवा बाजारच्या मगमध्ये चालू राहतो. मला यात कपावर अन्याय झालेला दिसतो. त्याच्या रचनेतले बहुतेक निर्णय डोळ्यांसाठी घेतलेलेच नसतात. ते ओठांसाठी, बोटांसाठी, मनगटासाठी घेतलेले असतात, आणि रोज वापरल्याशिवाय ते कळत नाहीत.

एका कपाला साधारण ३५० ते ४०० ग्रॅम माती लागते. ती मळून आतली हवा काढायची, चाकाच्या मध्यावर आणायची, अंगठ्याने तोंड उघडायचं आणि आतबाहेरच्या बोटांत धरून भिंत वर ओढायची. सराईत हाताला हे काम दोन-तीन मिनिटांचं. शेवटी काठावरून ओल्या चामड्याची पट्टी हलकेच फिरवतात. ही पट्टी अर्धा मिनिटही टेकत नाही, पण कप तोंडाला कसा लागणार ते तिथेच ठरतं. काठ धारदार राहिला तर ओठाला टोचतो आणि टवका उडण्याची शक्यता वाढते. फार जाड राहिला तर चहा पसरून तोंडाच्या कडेने ओघळतो. किंचित बाहेर झुकलेला, गोलसर, आतून अंमळ उतरता काठ चहा नेमका जिभेवर सोडतो आणि कप खाली ठेवताना शेवटचा थेंब आत परत घेतो.

मग कप थोडा वाळू देतात. आकार धरून ठेवण्याइतका घट्ट, पण सुरीने कोरता येण्याइतका ओला झाला की तो चाकावर उलटा ठेवून बूड कोरतात. खालच्या कड्यामुळे कपाचा तळ टेबलापासून सुटा राहतो आणि जास्तीची माती निघून वजन उतरतं. भट्टीत झिलई वितळून काच होते, आणि कड्याला झिलई राहिली तर कप फळीला कायमचा चिकटतो. म्हणून भाजण्याआधी कडं पुसून काढावंच लागतं. त्यामुळे भाजलेल्या कपाच्या बुडाशी उघड्या मातीची एक गोल रेघ राहते. कप कोणत्या मातीचा, ती किती तापली, कोरणारा हात किती स्थिर होता, ही सगळी माहिती त्या रेघेवर मिळते. जाणकार माणूस कप उचलला की आधी उलटा करतो, तो यासाठी.

कानाचं काम सगळ्यांत अवघड. घट्ट मळलेल्या मातीचा गोळा एका हातात वर धरून दुसऱ्या ओल्या हाताने ती खाली ओढत न्यायची. गाईची धार काढताना हात जसा उतरतो, तसाच. दर ओढीला पट्टी लांब होते, पातळ होते, बोटांच्या खुणांनी तिच्या कडा गोल होतात. मग ती तोडून, वाकवून कपाला जोडायची. वरचा सांधा काठाला फार चिकटून असला तर कप पुढे झुकतो. फार खाली असला तर भरलेल्या कपाचा भार मनगटावर येतो. कपाची आणि कानाची ओल सारखी नसेल तर वाळताना सांध्याशी तडा जातो आणि तो कधीकधी भट्टीतून बाहेर आल्यावरच दिसतो. कारखान्यात कान बहुधा साच्यात ओतून काढतात. तिथे दर कानाचा आकार तोच, जाडी तीच; पण बोटाने दाबून केलेला अंगठ्याचा थारा त्यावर क्वचितच सापडतो.

जपानी चहाच्या कपाला, युनोमीला, कान नसतो. हिरवा चहा उकळत्या पाण्यात करत नाहीत, सेन्चासाठी पाणी ७०-८० अंशांवर आणतात, म्हणून एक हात अंगाला आणि दुसरा बुडाखाली धरून तो पिता येतो. दूध घातलेला कडक चहा पिणाऱ्या इंग्लंडला कान हवा. या दोन सवयी एका भट्टीत भेटल्या त्या १९२० साली, कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हज या मासेमारीच्या गावात. हाँगकाँगमध्ये जन्मलेला बर्नार्ड लीच १९०९मध्ये एचिंग शिकवायला म्हणून जपानला गेला होता आणि तिथे मातीत अडकला. परतताना त्याने जपानी कुंभार शोजी हामादाला सोबत आणलं, आणि दोघांनी सेंट आइव्हजला जपानी धर्तीची चढती भट्टी बांधली. हामादा १९२३मध्ये जपानला परत गेला आणि पुढे माशिकोला स्थायिक झाला. लीचने १९४०मध्ये ‘अ पॉटर्स बुक’ लिहिलं आणि जगभरच्या नव्या कुंभारांनी त्यावरून भट्ट्या बांधल्या.

माझ्या लेखी लीचचं खरं मोठं काम मात्र त्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मोठ्या बरण्यांपेक्षा ‘स्टँडर्ड वेअर’मध्ये आहे. त्याचा मुलगा डेव्हिड स्टोक-ऑन-ट्रेंटला जाऊन तंत्र शिकून आला आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस सेंट आइव्हजच्या कार्यशाळेने रोजच्या वापराची ठरीव भांडी काढायला सुरुवात केली: मग, जग, सूपचे वाडगे, झाकणाची भांडी. सगळी चाकावर, सगळी हाताने, यादीत किंमत छापून टपालाने विकली जाणारी. उमेदवार म्हणून आलेली मुलं एकच मग डझनावारी घडवत. हाताने केलेली प्रत्येक वस्तू वेगळीच असली पाहिजे, असा एक समज आपल्याकडे रुजला आहे. तिथला अनुभव याच्या उलट होता. तोच आकार शंभर वेळा केल्यावर हात अनावश्यक ते सोडून देतो, आणि मग कानाची जागा मोजावी लागत नाही.

जाडीबद्दल मात्र लीचशी सगळेच सहमत नव्हते. व्हिएन्नाहून १९३८मध्ये नाझींपासून सुटून लंडनला आलेल्या लुसी रीची भांडी पातळ, शहरी, ताठ होती, आणि सुरुवातीला लीचला ती पसंत पडली नाहीत. युद्धानंतर तिने सहकारी हान्स कोपरच्या मदतीने आतून पांढरे, बाहेरून मँगनीजने काळपट असे कॉफीचे कप केले. त्यांपुढे सेंट आइव्हजचा मग शेतकरी वाटतो. हा वाद रुचीचा होता तसा उष्णतेचाही होता. ३०० ग्रॅम वजनाचा, २८ अंशांवर असलेला कप घ्या आणि त्यात ८५ अंशांचा १५० मिलिलिटर चहा ओता. बाहेर जाणारी उष्णता हिशेबात धरली नाही तरी कप आणि चहा एका तापमानाला येतात ते ६८ अंशांच्या आसपास. चहाचे १७ अंश एकट्या कपाने घेतले. १२० ग्रॅमच्या कपात हीच घट आठ-नऊ अंशांची. म्हणून लहान, कडक कॉफीला रीचा पातळ कप योग्य, आणि हातात धरून बराच वेळ प्यायच्या चहाला जाड मग. फक्त तो आधी गरम पाण्याने विसळून घ्यावा. ‘हाताच्या कपात चहा लगेच निवतो’ ही तक्रार तेवढ्याने मिटते.

जाडसर, साध्या भांड्यांना तत्त्वज्ञान दिलं ते लीचच्या मित्राने, सोएत्सु यानागीने. लोकांनी लोकांसाठी केलेल्या वस्तूंसाठी त्याने, हामादाने आणि कुंभार कावाई कांजिरोने १९२५च्या सुमारास ‘मिन्गेई’ हे नाव काढलं. १९३६मध्ये टोकियोत त्या वस्तूंचं संग्रहालय उघडलं. यानागीचा सर्वांत प्रसिद्ध दाखला म्हणजे ‘किझाएमोन ईदो’, क्योतोच्या दाइतोकुजी मठातल्या कोहो-आनमध्ये जपलेला, राष्ट्रीय ठेवा ठरलेला चहाचा वाडगा. मूळचा तो कोरियातला. यानागीच्या मते तो गरिबाघरचा भाताचा वाडगा होता आणि घडवणाऱ्याला सौंदर्याची शुद्धही नव्हती, म्हणूनच तो सुंदर झाला. बुडाशी झिलई आकसून तिचे दाणे झाले आहेत, अंगावर बारीक तडे आहेत, चाकावरच्या बोटांचे वळसे दिसतात.

यानागीच्या नजरेचं ऋण मोठं आहे. कोरियावर जपानचं राज्य असताना तिथला राजवाड्याचा दरवाजा पाडू नका, असं त्याने १९२२मध्ये जाहीरपणे लिहिलं, हेही विसरता येत नाही. पण कुंभाराला काही कळत नव्हतं, हे मला पटत नाही. त्या वाडग्याचं उंच बूड कुणीतरी विचार करून कोरलं आहे. गरम भाताचं भांडं उचलताना बोटं कुठे जातील हे त्याला ठाऊक होतं. वाडग्याला नाव मिळालं ते ओसाकाच्या एका व्यापाऱ्याचं, कारण तो त्याच्या मालकीचा होता. घडवणाऱ्याचं नाव कुणी विचारलं नाही आणि त्या न विचारण्यालाच पुढे सद्गुण मानलं गेलं.

आपल्याकडे मातीच्या भांड्याबाबत याहून कठोर घडलं. धातूचं भांडं घासून शुद्ध होतं आणि मातीचं एकदा उष्टं झालं की टाकायचं, या समजुतीतून कुल्हड उभा राहिला. त्याचा सुगंध खरा आहे. कमी तापलेली, झिलई नसलेली सच्छिद्र माती चहा थोडा शोषते, म्हणून तो दरवळतो. २००४मध्ये लालूप्रसाद यादवांनी रेल्वेत कुल्हड आणले, तेव्हा कुंभारांच्या रोजगाराची बाजूही त्यात होती. पण तो फोडण्याची रीत स्वच्छतेइतकीच विटाळाच्या कल्पनेतून आली आहे. मराठी समाजातलं चहाचं सर्वांत गाजलेलं प्रकरणही हाताभोवतीच घडलं. ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळी व्याख्यानाला गेली आणि तिथे चहा पुढे आला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली, ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्ताची वेळ आली. पुढे गावोगावच्या हॉटेलांत दलितांचा कप वेगळा, बाहेर ठेवलेला, त्यांनीच विसळायचा, ही रीत कितीतरी वर्षं टिकली. एकच मातीचा कप, वर्षानुवर्षं, येईल त्याच्या हाती देणं ही म्हणूनच आपल्याकडे साधी गोष्ट नाही.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८७०च्या दशकात जॉर्ज टेरीच्या देखरेखीखाली कलात्मक मातीकाम सुरू झालं होतं; अजिंठ्याच्या चित्रांवरून नक्षी काढलेल्या तिथल्या फुलदाण्या युरोपात गाजल्या. ती दिवाणखान्यात ठेवायची भांडी होती. चहा पिण्यासाठी हाताने घडवलेलं स्टोनवेअर भारतात आलं ते दुसऱ्या वाटेने. सरदार गुरचरण सिंग १९१९मध्ये जपानला शिकायला गेले, तिथे लीच, हामादा आणि यानागी यांच्या वर्तुळात वावरले, आणि १९५२मध्ये त्यांनी दिल्लीत ‘दिल्ली ब्लू पॉटरी’ उभी केली. त्यांचे चिरंजीव मनसिमरन सेंट आइव्हजला लीचकडे काम करून आले. बापलेकांनी पुढे कांगड्यातल्या अंद्रेट्टाला चाक लावलं. १९७१मध्ये रे मीकर आणि जपानच्या बिझेनमध्ये शिकलेल्या डेबोरा स्मिथ यांनी पाँडिचेरीत ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ सुरू केली. डेबोराने घडवलेली रोजच्या जेवणाची भांडी आणि रे मीकरने शिकवलेले विद्यार्थी देशभर पसरले. आज पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत जे मग दिसतात, त्यांतल्या कित्येकांच्या कानाचं वळण शोधत गेलं तर वाट पाँडिचेरीला पोचते. आपल्या घरी मात्र स्टोनवेअर त्याआधीपासून होतं: वरून तपकिरी, खाली पिवळट, अशी लोणच्याची बरणी त्याच जातीची.

स्टोनवेअरच्या मातीला १२५० ते १३०० अंश लागतात. झिलईत लोह एक-दोन टक्के असेल आणि भट्टीत हवा कमी ठेवली असेल, तर फिकट हिरवा सेलाडॉन मिळतो; तेच आठ-दहा टक्के झालं की काळा तेनमोकू. तेनमोकूचा कप विकत घेतलात तर काठाकडे नीट पाहा. तिथे झिलई वितळून खाली उतरते, पातळ होते आणि काळ्याच्या जागी गंजासारखा तांबूस उमटतो. चामड्याची पट्टी जिथे फिरली, तिथेच.

वापराने कप बदलतो, आणि हे बदल दोष समजू नयेत. जपानमधल्या हागीच्या कपांची माती सैल असते, झिलईला बारीक तडे असतात. चहा त्यांत मुरत जातो आणि वर्षागणिक रंग पालटतो. हागीवाले हा बदल हवासा मानतात. पूर्ण भाजलेल्या स्टोनवेअरमध्ये माती पाणी पीत नाही, तिथे तड्यांच्या रेघा फार तर चहाने तपकिरी होतात. सावध राहायचं ते कमी तापमानाच्या, भडक रंगाच्या, कुठून आल्या ते माहीत नसलेल्या झिलयांबाबत, कारण जुन्या पद्धतीच्या अशा झिलयांत शिसं असू शकतं. झिलईत शिसं आहे का, हे घडवणाऱ्याला सरळ विचारावं; चांगला कारागीर त्याचं उत्तर आनंदाने देतो.

घेताना रिकामा कप हातात घेऊन भागत नाही, कारण रिकाम्या कपाचा तोल वेगळा असतो. स्टॉलवर पाणी मागावं आणि कप भरून उचलावा. दोन बोटं कानात जातात का, मधल्या बोटाची पाठ गरम अंगाला टेकते का, अंगठा वर कुठे विसावतो, हे पाहावं. आत बोट फिरवून तळाच्या कोपऱ्यात खाच आहे का ते तपासावं. तिथे साखर बसते आणि घासणी पोचत नाही. मग पाणी ओतून टाकून कप उलटा करावा आणि कड्यावरून तळवा फिरवावा. खरखरीत लागलं तर टेबलावर चरे पडतील. घडवणाऱ्याला तसं सांगितलं, तर तो पॉलिश पेपर काढून ते तिथल्या तिथे गुळगुळीत करून देतो.