न्हाणीघर टिकतं ते फरशीखाली

पहाडगंज म्हटलं की दिल्लीतल्या मराठी माणसाला दोन पत्ते आठवतात. एक बृहन्महाराष्ट्र भवन, दुसरा नूतन मराठी शाळा. तिथून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर चुना मंडी आहे आणि घर दुरुस्त करायला काढलेला माणूस कधी ना कधी तिथे पोचतोच. दाराबाहेर कमोड आणि बेसिनांच्या रांगा, आत भिंतभर नळ, टाइलचे नमुने पुस्तकाच्या पानांसारखे उलटायचे.

गेल्या हिवाळ्यात आत्याबरोबर दोन दिवस तिथे फिरले. तिचा डीडीएचा, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणाचा फ्लॅट, सगळ्यात वरचा मजला, पाच फूट बाय सात फुटांचं बाथरूम, आणि पैसे मोजून ठेवलेले. तिचं म्हणणं साधं होतं, ‘‘एकदाच करायचं, पुन्हा हात लावायला लागू नये.’’ दुकानात, गवंड्याकडून, शेजाऱ्यांकडून तिला जे सल्ले मिळाले त्यातले निम्मे चुकीचे होते. ते कुणी मुद्दाम दिलेले नव्हते. वर्षानुवर्षं तसंच ऐकत आल्यामुळे लोक तेच पुढे सांगतात.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा की, टाइल लावली म्हणजे पाणी मुरत नाही. टाइलमधून पाणी जात नाही हे खरं, पण टाइलच्या सांध्यांमधून जातं. सांधे भरायचं साधं सिमेंटचं ग्राउट पाणी शोषतं. नळाच्या मुळाशी, जाळीभोवती, भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात बारीक फटी पडतात आणि तिथून पाणी खाली उतरतं. आत्याच्या घरी तीन वर्षांपूर्वी जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवली होती. दिसायला उत्तम. पहिल्याच पावसाळ्यानंतर खालच्या मजल्यावरच्यांनी बोलावून छताचा पोपडा दाखवला.

पाणी अडवायचं काम फरशीच्या खालचा थर करतो. त्यासाठी जुनं सगळं स्लॅबपर्यंत उकरावं लागतं. पाइप बसवून दाबाखाली तपासायचे. स्लॅब आणि भिंतीच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलावा करायचा, म्हणजे थर तिथे चिरत नाही. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक आडवा, एक उभा, भिंतीवर किमान फूटभर चढवलेले, आणि जिथे अंघोळीचं पाणी थेट भिंतीवर उडतं तिथे त्याहून वर. थर वाळला की जाळीचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवायचं, 48 तास. खालच्यांच्या छतावर ओल आली नाही तरच पुढचं काम. गवंडी घाई करतो, कारण हे दोन दिवस त्याचे रिकामे जातात. त्याला त्या दोन दिवसांची मजुरी द्या, पण पाणी भरलेलं राहू द्या. मला विचाराल तर बजेट कितीही तोकडं असो, या एका कामात कपात करू नये.

ही काही आजची विद्या नाही. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचा तलाव सुमारे 12 मीटर लांब आणि 7 मीटर रुंद. विटा अगदी घट्ट बसवलेल्या आणि पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर दिलेला. तिथल्या घरांमधल्या अंघोळीच्या जागाही विटांच्याच, एका बाजूला उतार काढून पाणी मोरीत सोडणाऱ्या. साडेचार हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ते बांधलं त्यांना पाणी अडवायचं कुठे आणि वाहू द्यायचं कुठे हे नेमकं ठाऊक होतं. कालातीत बाथरूम म्हणतात ते हेच.

आता टाइलकडे येऊ. ‘‘मोठी टाइल घ्या, सांधे कमी, बाथरूम मोठं दिसतं,’’ हे आम्हाला तीन दुकानांत ऐकवलं. भिंतीपुरतं ते चालेल. जमिनीचं तसं नाही, कारण जमिनीला जाळीकडे उतार द्यावा लागतो, साधारण शंभर इंचांना एक इंच किंवा थोडा जास्त. दोन फूट बाय चार फुटांची ताठ टाइल चारी बाजूंनी जाळीकडे वाकत नाही. मग एक तर ती तिरपी कापावी लागते, नाही तर कोपऱ्यात पाणी साचतं. जमिनीवर फूटभराची किंवा त्याहून लहान टाइल घ्या. सांधे जास्त असले की पायाला पकडही मिळते.

टाइलची जात कशी ओळखावी, हे आम्हाला त्याच गल्लीतल्या एका वयस्कर गवंड्याने करून दाखवलं. त्याने पाण्याच्या बादलीत भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलचा तुकडा बुडवला. तुकड्याच्या मागच्या बाजूने सर्रकन बुडबुडे उठले, जणू तो पाणी पीत होता. मग व्हिट्रिफाइडचा तुकडा टाकला. एकही बुडबुडा नाही. भिंतीची टाइल वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषते, व्हिट्रिफाइड अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणूनच सिरॅमिक टाइल भिजवून नुसत्या सिमेंटवर लावली तर धरते; व्हिट्रिफाइड मात्र सिमेंटला शोषून धरत नाही, तिला टाइलचं ॲडहेसिव्ह लागतं. ‘‘सिमेंट काय कमी मजबूत असतं?’’ असं म्हणून ते वाचवलं तर दोन-तीन वर्षांत टाइल पोकळ होते. रुपयाच्या नाण्याने टकटक केलं की डब्यासारखा आवाज येतो.

चकचकीत म्हणजे उंची माल, हाही एक समज. दुकानातल्या दिव्याखाली चमकणारी टाइल ओल्या पायाखाली काय करते ते तिथेच बघून घ्या. आत्याने पिशवीतली पाण्याची बाटली काढून नमुन्यावर पाणी ओतलं, चप्पल काढली आणि अनवाणी पाऊल ठेवून बघितलं. दुकानदार आधी चमकला, मग स्वतःच दोन मॅट नमुने घेऊन आला. जमिनीची पकड मोजायची एक जर्मन पद्धत आहे. तिच्यात आर 9 पासून आर 13 पर्यंत आकडे देतात. खोक्यावर असा आकडा छापलेला असेल तर घरातल्या ओल्या जमिनीसाठी आर 10 किंवा त्यावरचा बघा. सत्तरीतल्या माणसासाठी बाथरूमची जमीन हा सौंदर्याचा प्रश्न नसतो.

दगडाबद्दलही लोक उगाच नाक मुरडतात. कोटा घातला की बाथरूम गोदामासारखं दिसतं, असं आत्याच्या सुनेचं मत. आपल्या पुण्या-सोलापूरकडच्या न्हाणीघरांत शहाबादी फरशी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. कोटा हा तिचाच राजस्थानी भाऊबंद, दोन्ही चुनखडीचेच दगड. पॉलिश न करता घातला तर पायाला पकड देतो, झिजला तर घासून पुन्हा नवा होतो आणि दिल्लीत सहज मिळतो. त्याचा एकच शत्रू, आम्ल.

आणि इथेच आणखी एक हट्टी समज आडवा येतो: ॲसिड टाकल्याशिवाय बाथरूम स्वच्छ होत नाही. ॲसिड चुनखडीला खातं, सांध्यातल्या सिमेंटलाही खातं. पांढरे डाग जातात आणि त्यांच्याबरोबर सांधाही भुसभुशीत होतो. मग पुन्हा पाणी खाली. साबणाचं पाणी, ब्रश आणि अंघोळीनंतर वायपरचा एक हात, एवढ्यावर सांधे वर्षानुवर्षं राहतात. जिथे अंघोळ होते तेवढ्या भागात इपॉक्सी ग्राउट भरून घेतलं तर आणखी बरं. सगळीकडे भरायची गरज नाही.

दिल्लीच्या पाण्याचा विचार नळ घेतानाही करावा. बोअरचं पाणी वापरणाऱ्या वसाहतींमध्ये ते बहुधा जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात या जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत मुभा. अशा पाण्याचा थेंब वाळला की पांढरा ठिपका उरतो. सध्याच्या काळ्या मॅट नळांवर तो पहिल्याच आठवड्यात दिसतो आणि पुसताना काळा मुलामा जातो. क्रोमचा साधा पितळी नळ घ्या. हातात घेऊन वजन बघा, पितळ जड लागतं. आयएसआय खूण बघा आणि पक्कं बिल मागा, कारण बिलाशिवाय हमी मिळत नाही.

वरून पावसासारखा पडणारा मोठा शॉवर आत्याला मनापासून हवा होता. तिथे मी अडले. वरच्या मजल्यावर शॉवर आणि टाकीतलं पाणी यांच्यात जेमतेम तीन मीटरचा फरक. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे इथे एक तृतीयांशही नाही. पाणी नुसतं ठिबकत राहील. एक तर पंप लावायचा, नाही तर हँड शॉवर आणि बादलीचा नळ. तिने दुसरं निवडलं.

कमोड हलवला तर जागा निघते, असंही सांगितलं जातं. निघत असेल, पण त्यासाठी मैल्याचा पाइप हलवावा लागतो, जमीन उचलावी लागते आणि निम्मं बजेट त्यातच जातं. जागा तीच ठेवा. मात्र नवा कमोड घेण्याआधी भिंतीपासून जुन्या तोंडाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून न्या आणि पाइप जमिनीत जातो की भिंतीत तेही लिहून न्या. हे माप न घेता गेलेला माणूस चुना मंडीत दुसऱ्यांदा येतो. रंग पांढराच घ्या. गुलाबी, आकाशी, पिस्ता रंगाचे जुने सेट आठवा: झाकण फुटलं की त्या रंगाचं दुसरं मिळत नाही आणि सगळा सेट बदलावा लागतो. पांढरं केव्हाही मिळतं.

भिंतीला छतापर्यंत टाइल हवीच, असंही नाही. आत्याच्या बाथरूमचा परीघ 24 फूट. दाराच्या उंचीपर्यंत, म्हणजे सात फुटांवर थांबलो, तर दहा फुटांच्या छतापर्यंत जाण्यापेक्षा 72 चौरस फूट टाइल वाचते, जवळपास एक तृतीयांश. वर ओल सोसणारा रंग दिला. त्या पैशात वॉटरप्रूफिंग आणि हँड शॉवर दोन्ही झालं.

दिल्लीचे प्लंबर जमिनीतल्या सापळ्याला ‘नहानी ट्रॅप’ म्हणतात. शब्द ऐकून आत्याला तिच्या माहेरची न्हाणी आठवली. त्या सापळ्यात सुमारे दोन इंच पाणी कायम उभं राहायला हवं, तेच गटाराचा वास अडवतं. स्वस्तातला उथळ सापळा घेऊ नका. आणि गावाला जाण्याआधी त्यात तांब्याभर पाणी ओतून जा.

शेवटी एक करा. टाइलच्या खोक्यावर शेड आणि बॅचचा क्रमांक छापलेला असतो, पुढची बॅच हुबेहूब तशी येत नाही. एक खोकं जास्तीचं घ्या. भिंती बंद होण्याआधी पाइपांचे फोटो काढा, छापून त्याच खोक्यात ठेवा आणि खोकं माळ्यावर टाका. आत्याने तसं केलंय, वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘फेकू नये.’