भूमध्य समुद्रातील कवचधारी: अंडी, डिंभ आणि प्रसार

भूमध्य समुद्र जवळजवळ चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला आहे आणि जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत सुमारे 300 मीटर खोलीवर असलेल्या उंचवट्यामुळे अटलांटिकचे थंड, खोल पाणी त्यात शिरू शकत नाही. परिणामी काहीशे मीटरच्या खाली, खोली कितीही वाढली तरी, पाण्याचे तापमान 13 अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. अशा समुद्रात कोळंबी, शेवंड किंवा खेकड्याची एखादी जाती कुठवर पसरेल, हे केवळ तापमानावरून सांगता येत नाही. मादी अंडी कुठे ठेवते आणि त्यांतून निघालेले डिंभ, म्हणजे प्रौढाशी रूपाने न जुळणारी पिल्ले, किती काळ प्रवाहाबरोबर वाहतात, यावरही ते अवलंबून असते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे नीसचे निसर्गअभ्यासक रिसो यांनी 1816 मध्ये वर्णन केलेली, ‘अ‍ॅरिस्टियस अँटेनाटस’ या शास्त्रीय नावाची लाल कोळंबी. ती 3000 मीटरहून अधिक खोलीपर्यंत आढळत असली, तरी कॅटलोनियातील पालामोससारख्या बंदरांतील ट्रॉलर तिला मुख्यतः 400 ते 800 मीटरवर, सागरतळाच्या उतारावर आणि त्यात कोरल्या गेलेल्या घळयांत पकडतात. मादी नरापेक्षा बरीच मोठी असते. डोक्यापुढचा काट्यासारखा सोंडका मादीत लांब राहतो, तर प्रौढ नरात आखूड होतो. नर शुक्राणूंची पुडी मादीच्या पोटाकडील बाजूस, पायांच्या मध्ये चिकटवतो. मादीचा अंडाशय साधारण मे ते सप्टेंबरमध्ये पिकतो आणि पिकत जाताना त्याचा फिकट रंग गुलाबी होऊन शेवटी गडद जांभळा होतो. ही कोळंबी अंडी अंगाशी बाळगत नाही, ती थेट पाण्यात सोडते; डिंभ शेकडो मीटर वरच्या थरांत वाढतात आणि प्रवाहाबरोबर दूरवर जातात. उतारावर वसलेली ही जाती पश्चिम भूमध्यात एवढी विस्तृत पसरलेली का आहे, याचे एक कारण इथे सापडते.

तिच्या संख्येवर हिवाळ्याचाही हात असतो. काही वर्षी लियोंच्या आखातातील किनाऱ्याजवळचे पाणी वाऱ्याने इतके थंड आणि जड होते, की ते घळयांतून खोल समुद्रात कोसळते. त्या काळात नेहमीच्या जागी कोळंबी सापडेनाशी होते, पण त्याच पाण्याबरोबर तळाशी अन्न पोहोचत असल्याने पिल्ले अधिक जगतात आणि तीन ते पाच वर्षांनी मासेमारांची जाळी पुन्हा भरू लागतात. नासधूस वाटणारी घटनाच पुढच्या पिढीला पोसते, ही या समुद्राच्या अभ्यासातील विलक्षण महत्त्वाची गोष्ट आहे.

नॉर्वे शेवंडेची रीत निराळी. तिची मादी अंडी पोटाखालच्या पायांना चिकटवून महिनोन्‌महिने सांभाळते आणि त्या काळात चिखलातील बिळातच राहते, त्यामुळे ती जाळ्यात कमी येते.

खेकडेही अंडी पोटाखालीच धरतात, पण त्या अंड्यांची संख्या प्रचंड असते. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यानंतर तांबड्या समुद्रातील निळा खेकडा, ‘पोर्च्युनस सेग्निस’, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच इजिप्तच्या किनाऱ्याला पोहोचला. 2014 च्या सुमारास ट्युनिशियाच्या गाबेस आखातात त्याचा सुळसुळाट झाला, जाळी फाटू लागली आणि तेथील कोळ्यांनी त्याला ‘दाएश’ हे ‘इस्लामिक स्टेट’ या दहशतवादी संघटनेचे अरबी नाव दिले. लाखो अंडी देणाऱ्या आणि उबदार, उथळ पाण्यात रमणाऱ्या या प्राण्याला रोखणे जवळजवळ अशक्य ठरले, तेव्हा ट्युनिशियाने तो पकडून निर्यात करण्याचा मार्ग धरला.

म्हणूनच साऱ्या जातींना मासेमारीचा एकच नियम लावणे चुकीचे आहे. पालामोसमध्ये 2013 पासून लाल कोळंबीसाठी खास आराखडा लागू झाला. जाळ्याच्या पिशवीची आस 40 वरून 50 मिलिमीटर करण्यात आली आणि कोवळी कोळंबी घळयांत असते त्या हिवाळ्यात मासेमारी थांबवण्यात आली. जीवनचक्र आधी समजून घेऊन केलेला असा नियमच खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो.