उड्या मारणारी फुले

पूर्व आफ्रिकेतील किब्वेझी येथे १८९३ साली ब्रिटिश भूवैज्ञानिक जे. डब्ल्यू. ग्रेगरी यांना फुलांचा एक सुंदर तुरा दिसला. हात लावताच फुले नि कळ्या उड्या मारून पसार! ते होते झाडाचा रस शोषणारे तुडतुडे.

ग्रेगरींच्या १८९६ च्या ग्रंथातील चित्रात काडीच्या टोकाशी हिरवे व खाली तांबूस तुडतुडे आहेत. जणू वर कळ्या, खाली फुले. पुढील निरीक्षकांना मात्र दोन्ही रंग एकमेकांत मिसळलेले आढळले.

मग या दोन जाती का? नाही. मांजरीच्या एकाच वेतातील पिल्ले निरनिराळ्या रंगांची असतात ना? तसेच हे. जात ओळखताना पंखांच्या शिरा आणि नराच्या जननेंद्रियांची घडण तपासतात.

आणि मांडणीचे काय? त्यासाठी काडीला धक्का लागण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. टोकापासून प्रत्येक कीटकाचा रंग क्रमाने लिहावा. स्थळ, तारीख, वनस्पती नोंदवावी. केवळ देखण्या काड्या निवडू नयेत; समोर येईल ती प्रत्येक नोंदवावी. एका चित्रावरून नियम ठरत नाही, मित्रांनो. तो ठरतो अशा अनेक साध्या नोंदींवरून!