माथेरानच्या घाटातले वाफेचे इंजिन

सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली उभारलेला नेरळ-माथेरान लोहमार्ग १९०७ साली सुरू झाला. सुमारे २१ किलोमीटरच्या या मार्गाचे रूळ एकमेकांपासून अवघ्या दोन फुटांवर आहेत आणि त्याचा कमाल चढ २० फुटांमागे १ फूट, म्हणजे भोर घाटातल्या ३७ फुटांमागे १ फूट या चढाच्या जवळजवळ दुप्पट आहे. या चढासाठी बार्शी लाइट रेल्वेचे जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या आराखड्यानुसार जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कोपेल या कंपनीने चार इंजिने बांधून दिली.

पोलादी चाक पोलादी रुळावर घसरू नये, तर चाकावर भार हवा. म्हणून या इंजिनांना पाणी-कोळशाचा वेगळा डबा, ज्याला टेंडर म्हणतात, जोडलेला नव्हता; पाण्याच्या टाक्या इंजिनावरच असत आणि सगळे वजन दांड्यांनी जोडलेल्या सहा चाकांवर पडे. मात्र एका सरळ ओळीत जखडलेली तीन जोड्यांची चाके घाटातल्या तीव्र वळणांवर अडकणार, ही अडचण उरतेच. तिच्यावरचा क्लीन-लिंडनर पद्धतीचा तोडगा असा, की पुढच्या व मागच्या जोडीचा आस पोकळ ठेवायचा, त्याच्या आत दुसरा भरीव आस घालायचा आणि दोघांना मध्यभागी गोलाकार सांध्याने जोडायचे. आतला आस चौकटीत स्थिर राहून दांड्यांच्या जोराने फिरतो, तर बाहेरचा चाकांसह वळणाकडे कलतो. इतक्या किचकट सांध्यावर विसंबण्याचे धाडस कौतुकास्पदच म्हटले पाहिजे.

बाकीची यंत्रणा इतर वाफेच्या इंजिनांसारखीच आहे. भट्टीतला तप्त धूर बॉयलरच्या पाण्यातून गेलेल्या अनेक नळ्यांमधून पुढे सरकतो आणि वाटेत पाण्याला उष्णता देतो. स्टीफन्सन यांच्या ‘रॉकेट’ने १८२९ मध्ये अशा २५ नळ्या वापरून या रचनेचा फायदा दाखवून दिला होता. साठलेली वाफ झडपांतून सिलिंडरमध्ये शिरून दट्ट्या आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी ढकलते. एका बाजूचा दट्ट्या टोकाला पोहोचून निष्प्रभ ठरतो तेव्हा दुसरा ऐन जोरात असावा, म्हणून दोन्ही बाजूंचे क्रँक परस्परांशी काटकोनात बसवतात. त्यामुळेच चाकाच्या एका फेऱ्यात चार फुसकारे ऐकू येतात.

हे फुसकारे म्हणजे निव्वळ वाया गेलेली वाफ नव्हे. काम संपलेली वाफ पुढच्या धूरपेटीतल्या अरुंद तोंडाच्या नळीतून धुराड्यात वेगाने सुटते, सोबत धूर ओढून नेते आणि तिथे निर्माण झालेल्या पोकळीमुळे भट्टीत ताजी हवा खेचली जाते. चढावर जास्त वाफ खर्च होते, तेव्हा हा झोतही वाढतो आणि निखारा अधिक फुलतो, म्हणजे गरज वाढली की आग आपोआप भडकते. कोळशातल्या उष्णतेचा दहावा हिस्साही बहुधा कामी न येणाऱ्या यंत्रातली ही खरी हुशारी होय.

घाटात फायरमनला आगीइतकीच पाण्याचीही काळजी असे. बॉयलरमधले पाणी सखल बाजूला धावते. धुराडे पुढे ठेवून इंजिन चढत असेल तर ते मागच्या भट्टीकडे येते, पण त्याच तोंडाने उतरताना पुढे सरकते आणि भट्टीच्या छताचा पत्रा उघडा पडण्याचा धोका निर्माण होतो. पाण्याविना हा पत्रा तापून मऊ झाला तर वरचा दाब त्याला फाडू शकतो. म्हणून ड्रायव्हरच्या खोलीतली पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी उतारावर वाचताना उताराचा हिशेब धरावा लागतो. शिवाय भट्टीच्या छतात सहज वितळणाऱ्या धातूचे बूच बसवतात. पत्रा कोरडा पडताच तो धातू वितळतो आणि वरची वाफ थेट भट्टीत घुसून धोक्याची सूचना देते.