बोट पाण्याची पायरी कशी चढते? : लॉक, सरोवरं आणि बेटावरचं बंदर



"सर, पाणी तर उताराकडेच वाहतं. मग बोट डोंगरावर कशी चढेल?" पनामा कालव्याचं चित्र दाखवलं की वर्गात हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक मुलं उत्तरही स्वतःच देतात, "मोटर लावून पाणी वर चढवत असतील." आपणही घाईत "हो, तसंच काहीतरी" म्हणून पुढे जातो. पण हे उत्तर चुकीचं आहे, आणि खरं उत्तर जास्त मजेशीर आहे. ते समजून घ्यायला पनामापेक्षा एक छोटा कालवा सोपा पडतो. तो म्हणजे स्कॉटलंडचा कॅलेडोनियन कालवा. तिथे मोठ्या जहाजांपेक्षा हौशी लोकांच्या लहान बोटीच जास्त दिसतात.

कालवा कुठे आहे?

स्कॉटलंडच्या उत्तर भागात एक लांब सरळ दरी आहे. त्या दरीत ओळीने सरोवरं आहेत. उत्तरेकडच्या वादळी समुद्राला वळसा घालणं टळावं म्हणून ही सरोवरं कालव्याने जोडली. काम १८०३ मध्ये सुरू झालं आणि कालवा १८२२ मध्ये खुला झाला. त्याचा अभियंता थॉमस टेलफर्ड हा मेंढपाळाचा मुलगा, आधी गवंडीकाम शिकलेला. (हे मुलांना जरूर सांगा.) एकूण लांबी सुमारे ९७ किमी. त्यातला साधारण एक तृतीयांश भागच खणलेला आहे, बाकी सगळी सरोवरं.

लॉक म्हणजे काय?

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेली पाण्याची खोली. बोट खालून आली की आत येते. मागचं दार बंद होतं. मग वरच्या बाजूच्या झडपा उघडतात आणि वरचं पाणी आपोआप आत येतं. पाणी चढतं तशी बोटही चढते. आतली आणि वरची पातळी सारखी झाली की पुढचं दार उघडतं आणि बोट बाहेर पडते. उतरताना याच्या उलट. यात पंप कुठेच नाही! पाणी आपली पातळी शोधतं, एवढंच.

दारांची रचनाही बघण्यासारखी आहे. दोन पाखं मिटल्यावर इंग्रजी 'व्ही'सारखा आकार होतो आणि त्याचं टोक वरच्या पाण्याकडे असतं. त्यामुळे वरचं पाणीच दार घट्ट दाबून धरतं. समजा एक पाखं ६ मीटर रुंद आहे आणि ५ मीटर पाण्यात आहे. दोन्हीकडच्या पातळीत फक्त १० सेमी फरक असला, तरी त्यावर सुमारे ३ टन वजनाइतका दाब येतो. म्हणून पातळी सारखी होईपर्यंत दार उघडता येत नाही.

बोटीवरच्या माणसांना मात्र सावध राहावं लागतं. पाणी आत शिरताना बोट हेलकावे खाते, म्हणून दोर हातात धरून वर जाताना ओढत राहायचा आणि खाली येताना सोडत राहायचा. उतरताना दोर पक्का बांधून ठेवला तर पाणी खाली जातं आणि बोट दोराला लटकते.

प्रवास

समजा आपण इनव्हर्नेसहून निघालो. १४ लॉक चढत जायचे. वाटेत ते प्रसिद्ध नेस सरोवर लागतं, सुमारे ३७ किमी लांब आणि २३० मीटर खोल. (राक्षसाची गोष्ट मुलं सांगतीलच!) सगळ्यात उंच जागा म्हणजे ऑइख सरोवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३२ मीटर. तिथून पुढे १५ लॉक उतरायचे. त्यातले ८ सलग एकाखाली एक आहेत. त्यांना 'नेपच्यूनचा जिना' म्हणतात. लहान बोटीला या प्रवासाला साधारण ३ दिवस लागतात.

मग फुकटात काम होतं का?

नाही. खरा धडा इथेच आहे. या जिन्यातली एक खोली साधारण ५५ मीटर लांब, १२ मीटर रुंद धरा आणि पाणी २.४ मीटर चढतं असं धरा.

५५ × १२ × २.४ = १५८४ घनमीटर, म्हणजे जवळपास १६ लाख लिटर.

आपल्याकडच्या १०,००० लिटरच्या टँकरने मोजलं तर जवळजवळ १६० टँकर! ते वरून खाली येतं आणि परत वर जात नाही. ते वर पुन्हा साठतं ते पावसामुळे आणि ऑइख सरोवराला मिळणाऱ्या नदीमुळे. म्हणजे बोट वर चढवण्याचं काम शेवटी पाऊसच करतो.

आता मुलांना विचारा, लॉकमध्ये १ बोट असो की ५, पाणी किती लागेल? बहुतेक जण "पाचपट" म्हणतील. उत्तर आहे, तेवढंच. म्हणून बोटी एकत्र थांबवून आत घेतल्या तर पाणी वाचतं.

समुद्र आणि बेट

शेवटचं लॉक समुद्रात उघडतं. पुढे भरती-ओहोटीचं राज्य. त्यामुळे ते ओहोटीच्या अगदी तळाला वापरता येत नाही. पुढे मल्ल नावाच्या बेटावर टोबरमोरी हे छोटं बंदर आहे. मासेमारीसाठी १७८८ मध्ये वसवलेलं, काठावर रंगीबेरंगी घरं. बंदरासमोर एक लहान बेट आडवं आहे, म्हणून आतलं पाणी शांत असतं. तिथे बोटी तरंगत्या धक्क्याला बांधतात. पाण्याबरोबर धक्काही वर-खाली होतो, म्हणजे दोर सारखा सैल-घट्ट करावा लागत नाही.

लॉक बघायला इतकं लांब जायलाच हवं असं नाही. मुंबई बंदरातल्या इंदिरा गोदीच्या तोंडाशी लॉक आहे. बाहेर ओहोटी असली तरी आतल्या जहाजांखाली पुरेसं पाणी राहावं, हा त्याचा उपयोग.

घरी किंवा वर्गात करा

साहित्य : बादली, टब, तोंड कापलेली मोठी पारदर्शक बाटली, मेडिकलमधून आणलेल्या सलाईनच्या २ नव्या नळ्या (रोलरसकट), थर्माकोलचा तुकडा.

१. सगळं जमिनीवर ओळीत ठेवा. बादलीत भरपूर पाणी, टबात थोडं, मध्ये बाटली. बाटलीत टबाएवढ्याच पातळीचं पाणी घ्या आणि त्यात थर्माकोलची होडी सोडा.
२. नळ्या पाण्याने पूर्ण भरून रोलर बंद करा. एक नळी बादली ते बाटली, दुसरी बाटली ते टब. टोकं तळाशी बुडलेली हवीत.
३. पहिला रोलर उघडा. होडी चढेल आणि बादलीच्या पातळीला थांबेल.
४. तो बंद करून दुसरा उघडा. होडी उतरेल.

आता हेच बादलीऐवजी दुसरी बाटली ठेवून करा. होडी अर्ध्यावरच थांबेल, कारण वरचं पाणीच कमी झालं. वर मोठं सरोवर का लागतं, हे मुलं मग स्वतःच सांगतील. तुमच्या वर्गात आणखी काय प्रश्न आले ते नक्की कळवा.