वईची रेघ आणि टिपणाची रेघ

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जमिनीभोवती काट्याकुट्यांची वई घालण्याची रीत जुनी असली, तरी चिकूच्या वाड्यांना आणि घरांच्या आवारांना सिमेंटचे खांब व तारेचे कुंपण येऊ लागल्यापासून हद्दीचा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. कारण वई हात-दोन हात सरकवता येते, काँक्रीटमध्ये रोवलेला खांब सरकत नाही.

कुंपणाची रेघ बांधावरून धरण्याचा मोह होतो, परंतु बांध वहिवाट दाखवतो, हद्द नव्हे. पावसात तो खचतो आणि नांगराने थोडा थोडा कोरला जातो. सातबाऱ्यावर क्षेत्र व खातेदारांची नावे असतात, आकृती नसते. ती सापडते भूमी अभिलेख कार्यालयातील टिपणात, म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी जमिनीची मापे नोंदवलेल्या कागदात. ही जुनी मापे साखळी-आण्यांत आहेत: ३३ फुटांची एक साखळी, तिचे १६ आणे, आणि साखळीभर लांब व साखळीभर रुंद चौरस म्हणजे गुंठा.

हद्द कायम करण्यासाठी ई-मोजणी प्रणालीवर अर्ज करून शुल्क भरले, की लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात आणि नेमल्या दिवशी भूकरमापक अभिलेखातील मापे जमिनीवर उतरवून खुणा दाखवतो. नंतर मिळणाऱ्या नकाशाला ‘क’ प्रत म्हणतात. तीत वहिवाटीची रेघ अभिलेखाच्या रेघेहून वेगळी निघाली, तर अतिक्रमण कोणत्या बाजूला आहे हे उघड होते. मोजणी मान्य नसल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागता येते. कचेरीच्या भाषेत ती निमताना मोजणी.

खरी गुंतागुंत असते ती भाऊबंदांची अनेक नावे एकत्र लागलेल्या गटात. तेथे हद्द कायम मोजणी गटाची बाहेरची सीमा तेवढी दाखवते. आतील वाटण्या तोंडी असल्यामुळे शोधायला रेघच नसते, म्हणून आधी रीतसर वाटप आणि पोटहिश्श्याची मोजणी करून घ्यावी लागते. वनपट्ट्यांचे आणखी निराळे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील पट्ट्यांची मापे हातातल्या जीपीएस यंत्राने घेतलेली असतील, तर त्यांत काही मीटरांची चूक राहू शकते, आणि गुंठ्याची बाजूच जेमतेम १० मीटर असताना ही चूक क्षुल्लक म्हणता येत नाही.

हद्दीच्या खुणा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार जमीनधारकावर आहे. म्हणून खांबांसाठी खड्डे खोदणाऱ्या मजुरांना हद्दीचे दगड आधी दाखवून ठेवावेत.